अमेरिकेत धार्मिक छळाचा आश्रय-अर्ज फेटाळला, आता कोर्टात काय? पुण्यातल्या कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

मी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. अमेरिकेत वकिली करण्याची सनद माझ्याकडे नाही. माझ्याकडे येतात ते आई-वडील, भाऊ, बायको. मुलगा किंवा नवरा तिकडे 'असायलम' मागतोय, अर्ज फेटाळला गेलाय आणि तिकडच्या वकिलाने इथून कागद मागवलेत. प्रतिज्ञापत्रं करणं, पोलीस ठाण्यातून नकला काढणं, मराठी कागदांचं इंग्रजी करणं हे माझं काम. प्रत्येक घर तेच प्रश्न विचारतं आणि प्रत्येक घर घाबरलेलं असतं, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. हे वाचलं म्हणून तिकडचा वकील करायचा राहू देऊ नका.

अर्ज नेमका कोणी फेटाळला, हे कसं कळायचं?

कागदाच्या डोक्यावर काय छापलंय ते आधी बघा. पहिल्या पायरीवर असायलम ऑफिसर असतो. त्याला अर्ज पटला नाही आणि अर्जदाराकडे दुसरा कायदेशीर व्हिसा नसला, तर प्रकरण सहसा इमिग्रेशन जजकडे जातं. तो शेवटचा नकार नव्हे. तिथे सगळं पहिल्यापासून मांडता येतं.

इमिग्रेशन जजने नाकारलं तर अपील बोर्ड. आपल्या लोकांना एक गोष्ट सांगितली की धक्का बसतो: हे जज आणि हे बोर्ड दोन्ही अमेरिकेच्या न्याय खात्याचे, म्हणजे सरकारी खात्याचेच भाग आहेत. आपण ज्याला स्वतंत्र न्यायालय म्हणतो ते बोर्डाने नाकारल्यावरच समोर येतं. ते म्हणजे फेडरल अपील न्यायालय, बोलीभाषेत सर्किट कोर्ट. कोणत्या सर्किटमध्ये जायचं हे इमिग्रेशन जजसमोरचं काम कुठे पूर्ण झालं त्यावर ठरतं, मुलगा आज कुठे राहतो त्यावर नाही.

बोर्डाची पायरी गाळून थेट सर्किट कोर्टात जाता येत नाही. बोर्डाकडे जायची मुदत जजच्या आदेशावर दिलेली असते. शेजारच्याच्या भाच्याला किती दिवस मिळाले होते ते विचारत बसू नका, आदेश वाचा.

सर्किट कोर्टातल्या या याचिकेला 'रिव्ह्यू पिटिशन' म्हणतात. आपल्याकडे असते तशीच का?

नाही. आपल्याकडे रिव्ह्यू म्हणजे ज्या कोर्टाने निकाल दिला त्याच कोर्टाला 'पुन्हा बघा' म्हणणं. तिथे वरचं, स्वतंत्र कोर्ट सरकारी बोर्डाचा निर्णय तपासतं. आपल्याकडच्या रिट याचिकेशी तिचं नातं जास्त जवळचं आहे.

मुदत किती असते?

बोर्डाच्या अंतिम आदेशापासून 30 दिवस. आदेशावरच्या तारखेपासून मोजायचे, मुलाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला त्या दिवसापासून नव्हे. याचिका त्या 30 दिवसांत कोर्टाच्या कार्यालयात दाखल झालेली लागते, नुसती पोस्टात टाकून चालत नाही. 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या मुदतीवर कोर्टाचा अधिकारच अवलंबून आहे असं नाही. हे ऐकून कोणी सैल पडू नये. सरकारी वकिलाने मुदतीचा मुद्दा काढला की याचिका जाते, आणि ते तो काढतातच.

आणखी एक खड्डा. काही लोक बोर्डाकडेच फेरविचाराचा अर्ज देतात आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबतात. त्या अर्जाने 30 दिवसांचं घड्याळ थांबत नाही. हे 1995 पासून पक्कं आहे. दोन्ही करायचं असेल तर दोन्ही एकाच वेळी करावं लागतं.

सर्किट कोर्ट आमची कहाणी पुन्हा ऐकेल ना?

ऐकणार नाही. हे सांगताना दर वेळी माझा आवाज खाली जातो, कारण समोरची आई तेवढ्याच आशेवर आलेली असते. "एकदा मला त्या जजसमोर बोलू द्या, मी सांगते काय झालं ते." पण तिथे साक्ष नसते, नवा कागद नसतो, मुलगाही बहुतेक वेळा समोर नसतो. कोर्ट फक्त रेकॉर्ड वाचतं. रेकॉर्ड म्हणजे इमिग्रेशन जजसमोर आणि बोर्डासमोर जे जे दाखल झालं आणि बोललं गेलं त्याची बांधलेली फाइल. कायद्यातच लिहिलंय की निर्णय तेवढ्यावरच द्यायचा.

म्हणून मी पुण्यातल्या घरांना सांगते की तुमची खरी लढाई पहिल्या जजसमोर आहे. जळालेल्या दुकानाचा फोटो, शाळेतून काढल्याचं पत्र, डॉक्टरची चिठ्ठी हे सगळं तेव्हा फाइलमध्ये गेलं पाहिजे. कपाटात ठेवलेला कागद तीन वर्षांनी सर्किट कोर्टात काढला तर कोर्ट त्याच्याकडे बघत नाही, मग तो कितीही खरा असो.

मग कोर्ट तपासतं तरी काय?

दोन गोष्टी, आणि त्यांना दोन वेगवेगळी मापं.

पहिली वस्तुस्थिती: मारहाण झाली का, कोणी केली, साक्ष खरी वाटते का. इथे माप फार कडक आहे. समंजस माणसाला उलट निष्कर्ष काढणं भागच पडेल, इतकं रेकॉर्ड तुमच्या बाजूचं असेल तरच कोर्ट हात घालतं. 'आम्हाला वेगळं वाटलं असतं' एवढं पुरत नाही.

दुसरी कायदा: जजने चूक माप लावलं का, पुराव्यातला महत्त्वाचा भाग नजरेआड केला का, कारणं दिली का. इथे कोर्ट स्वतःच्या बुद्धीने बघतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी खात्यांनी लावलेल्या कायद्याच्या अर्थापुढे न्यायालयांनी मान तुकवण्याची जुनी प्रथा मोडली, तेव्हापासून हा भाग जरा बळकट झाला. बोर्डाने जी कारणं लिहिली त्याच कारणांवर निर्णय टिकला पाहिजे, सरकारी वकिलाला कोर्टात नवीन कारण पुढे करता येत नाही. हा नियम 1943 पासूनचा आहे आणि चांगले वकील त्यावर प्रकरणं जिंकतात.

एक उदाहरण देते. आश्रयासाठी 'छळ होण्याची रास्त भीती' लागते. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की छळाची शक्यता निम्म्याहून जास्त असण्याची गरज नाही, दहात एक असली तरी भीती रास्त असू शकते. आता एखाद्या जजने लिहिलं, "छळ होण्याची शक्यता जास्त आहे असं अर्जदाराने सिद्ध केलं नाही," तर त्या जजने दुसऱ्याच प्रकारच्या अर्जाचं, निम्म्याहून जास्त शक्यतेचं माप इथे लावलं. असं एक वाक्य वकिलाला सापडलं की याचिकेत जीव येतो.

जजने लिहिलंय की साक्षीत विसंगती आहे. मुलगा खोटं बोलत नाही. हे कसं झालं?

बहुतेक नकार इथेच होतात आणि माझं सगळ्यात जास्त कामही इथेच असतं. 2005 च्या कायद्याने जजला मुभा दिली की विसंगती मूळ मुद्द्याशी संबंधित नसली तरी तिच्यावरून साक्ष अविश्वसनीय ठरवता येते. त्यामुळे आपल्या भाषेच्या साध्या सवयी तिकडे गळ्याशी येतात.

'भाऊ' घ्या. मुलाने साक्षीत सांगितलं, "माझ्या भावाला मारलं." आईच्या प्रतिज्ञापत्रात 'भाचा'. पोलिसांच्या कागदात वेगळंच आडनाव. आपल्याला हे कोडंच नाही: आतेभाऊ म्हणजे भाऊच, आणि आत्याचा मुलगा म्हणून आडनाव वेगळं. तिकडच्या जजच्या फाइलमध्ये मात्र तीन माणसं झाली. म्हणून मी आता नातं नेहमी पूर्ण लिहिते: वडिलांच्या थोरल्या भावाचा मुलगा, वडिलांच्या बहिणीचा मुलगा. वाक्य अवघडतं, अवघडू दे.

'परवा' या शब्दावर मी स्वतः चुकले आहे. एका आईने सांगितलं होतं, "परवा परत ती माणसं दारात आली होती." मी इंग्रजीत 'दोन दिवसांपूर्वी' केलं. तिला म्हणायचं होतं, अलीकडेच, मागे एकदा. शेजाऱ्याच्या जबाबात तारीख पाच दिवस आधीची होती आणि सरकारी वकिलाने नेमकी तीच फट धरली. तिकडच्या वकिलाने माझं स्पष्टीकरण जोडलं, पण एक शब्द मी विचारून घेतला असता तर त्या बाईला तीन आठवडे झोप उडवून घ्यावी लागली नसती. तेव्हापासून प्रतिज्ञापत्र लिहून झालं की मी ते मोठ्याने मराठीत वाचून दाखवते आणि प्रत्येक 'परवा', 'मागे', 'त्या वेळी' पाशी थांबते.

तिथींचंही तसंच. "आषाढीच्या दुसऱ्या दिवशी दगड मारले" हे सांगणाऱ्याला पक्कं आठवत असतं. पण आषाढी दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. कॅलेंडर काढून तारीख लिहायची आणि ती तिथीवरून काढली हेही लिहायचं.

आणि पोलीस ठाण्याचा कागद. घरचे म्हणतात, "एफआयआर केली होती." कागद बघितला तर ती एनसी असते, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एनसीवर पोलीस आपणहून तपास करत नाहीत, त्याला मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. भाषांतरात एनसीला एफआयआर म्हटलं की तिकडे खोटं बोलल्याचा शिक्का बसतो. खरं तर एनसी असणं तुमच्या बाजूचंही ठरू शकतं: डोकं फुटलं होतं आणि तरी पोलिसांनी एनसीवर बोळवण केली, हे संरक्षण मिळालं नाही याचा पुरावा आहे. जे आहे ते तसंच लिहा.

भाषांतराला नोटरी लागते का?

तिकडच्या इमिग्रेशन कोर्टाच्या नियमात भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र मागितलंय: मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर माझ्या समजुतीप्रमाणे खरं व अचूक आहे. भाषांतरावर नोटरीचा शिक्का त्या नियमात मागितलेला नाही. प्रतिज्ञापत्राचं वेगळं, ते मी नोटरीसमोरच करून घेते.

गावाने वाळीत टाकलं. हा छळ धरतात का?

नुसता त्रास, टोमणे, भेदभाव यांना तिथली न्यायालयं छळ म्हणत नाहीत. पण सगळं एकत्र बघायचं असतं. पाणी बंद, किराणा बंद, शेतात मजूर येऊ न देणं, मयताला खांदा न देणं, त्यात एकदा मारहाण, आणि हे सगळं धर्म बदलला किंवा परधर्मात लग्न केलं म्हणून. जजने एकेक घटना सुटी करून 'ही छळ नाही, हीही नाही' असं केलं असेल तर तो याचिकेतला मोठा मुद्दा होतो. जगणं अशक्य होईल इतकी आर्थिक कोंडी छळात बसू शकते.

'वाळीत टाकणं' याला इंग्रजीत सरळ शब्द नाही. 'सामाजिक बहिष्कार' एवढ्यावर सोडलं तर तिकडच्या वाचणाऱ्याला वाटतं की शेजारी बोलत नव्हते. मी दोन ओळी जोडते: विहीर कोणाची, गिरणीवाल्याने दळण परत पाठवलं, बारशाला कोणी आलं नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, तो 3 जुलै 2017 पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हा कायदा दोन्ही बाजूंनी कापतो. सरकारी वकील म्हणतो, "बघा, भारतात कायदा आहे, सरकार संरक्षण देतं." छळ करणारे खासगी लोक असतील तेव्हा सरकार त्यांना आवरू शकत नाही किंवा आवरायची इच्छा नाही, हे दाखवावं लागतं. म्हणून तक्रार दिली का, पोच घेतली का, पुढे काय झालं, याला किंमत आहे. तक्रार देणंच जिवावर बेतलं असतं तर तेही कारणासकट लिहावं लागतं.

"भारत मोठा देश आहे, पुण्या-मुंबईला जाऊन राहा" असं म्हणून नाकारलंय.

भारतीयांच्या प्रकरणांत हे कारण पुन्हा पुन्हा दिसतं. माझ्याकडे आलेल्या एका आदेशात पुण्याचं नाव होतं, आणि तो कागद मी पुण्यातच बसून वाचत होते. पण असं सरसकट म्हणता येत नाही. या माणसाला, त्याच्या परिस्थितीत, त्या ठिकाणी सुरक्षित राहता येईल का आणि तशी अपेक्षा करणं वाजवी आहे का, हे तपासायला हवं. 2019 मध्ये नवव्या सर्किटने एका शीख अर्जदाराच्या प्रकरणात बोर्डाला हेच सुनावलं. पूर्वी छळ झाल्याचं सिद्ध असेल आणि तो सरकारी यंत्रणेने केला असेल, तर स्थलांतर शक्य आहे हे दाखवण्याचा भार सरकारवर येतो.

इथल्या घरांनी एवढं करावं: मुलगा गाव सोडून पुण्यात येऊन राहिला होता का? तिथेही फोन आले का, खोलीमालकाने कारण कळल्यावर खोली सोडायला लावली का? त्या महिन्यांचा भाडेकरार आणि ते मेसेज शोधा.

जजने धर्मावर प्रश्न विचारले, मुलाला उत्तरं आली नाहीत.

पालखीबरोबर दर वर्षी चालणाऱ्या आजीला अद्वैत म्हणजे काय विचारलं आणि तिला सांगता आलं नाही, तर ती वारकरी नाही का? तिथल्या न्यायालयांनाही हे कळतं. 2006 मध्ये दुसऱ्या सर्किटने एका इंडोनेशियन ख्रिस्ती माणसाच्या प्रकरणात सांगितलं की धर्मशास्त्राचं सविस्तर ज्ञान नसलं म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही. 2009 मध्ये अकराव्या सर्किटने, इराणमधून आलेल्या एका धर्मांतरित माणसाच्या बाबतीत, शिक्षा टाळण्यासाठी धर्म लपून पाळावा लागणं हाच छळाचा एक प्रकार आहे असं मानलं. 'घरात दार लावून प्रार्थना करा' या सल्ल्यावर हे उत्तर आहे.

याचिका टाकली की हद्दपारी थांबते?

आपोआप नाही. स्टेसाठी वेगळा अर्ज लागतो. 2009 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे चार गोष्टी बघतात: याचिकेत दम आहे का, न थांबवल्यास भरून न येणारं नुकसान होईल का, दुसऱ्या पक्षाला काय तोशीस पडेल, आणि सार्वजनिक हित. हद्दपार होणं हेच 'भरून न येणारं नुकसान' धरत नाहीत, परत आल्यावर काय होईल ते दाखवावं लागतं. मुलगा ताब्यात असेल तर याचिका आणि स्टेचा अर्ज बरोबरच जायला हवेत. त्याला परत पाठवलंच, तरी याचिका मरत नाही, ती चालू ठेवता येते. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते आशा सोडून देतात.

जिंकलो तर लगेच आश्रय मिळतो?

सहसा नाही. कोर्ट प्रकरण बोर्डाकडे परत पाठवतं: चूक दुरुस्त करून पुन्हा ठरवा. म्हणजे आणखी वाट बघणं. पण ती वाट बघणं वेगळं असतं, हेही मी बघितलंय. हरलो तर 90 दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडे परवानगी मागता येते, फार थोड्यांना मिळते.

आता नवीन पुरावा मिळाला तर?

त्याची जागा सर्किट कोर्ट नव्हे, बोर्ड. प्रकरण पुन्हा उघडण्याचा अर्ज अंतिम आदेशापासून 90 दिवसांत करायचा असतो. आधी मिळूच शकत नव्हता असा, महत्त्वाचा पुरावा हवा. इकडची परिस्थिती बदलली हे कारण असेल तर 90 दिवसांची अट लागत नाही.

एजंट म्हणतो, "स्टोरी मी बसवून देतो."

उठून निघून या. जाणूनबुजून खोटा अर्ज केला असं ठरलं तर त्या माणसाला इमिग्रेशनचे जवळजवळ सगळे लाभ कायमचे बंद होतात. आणि ज्यांच्यावर खरंच बेतलंय त्यांच्या अर्जाकडे संशयाने बघितलं जातं ते अशा विकत घेतलेल्या कहाण्यांमुळे. माझ्याकडे तीन वेगळ्या घरांतून एकाच मजकुराचे मसुदे आले आहेत, नावं आणि गावं तेवढी बदललेली. मी त्यांचं भाषांतर करून दिलं नाही.

इकडे गावात कळेल का?

आश्रयाच्या अर्जातली माहिती अमेरिकन सरकारने अर्जदाराच्या देशाला देऊ नये असा नियम आहे. सर्किट कोर्टातली कागदपत्रं बाहेरच्या कुणाला घरबसल्या इंटरनेटवर उघडता येत नाहीत. पण निकाल जाहीर असतो आणि त्यावर नाव छापलेलं असतं. नाव झाकण्याची विनंती वकिलाने सुरुवातीलाच करायची, निकाल गुगलवर दिसल्यावर नव्हे.

पुण्यात शिकणाऱ्या माझ्या परदेशी मित्राला त्याच्या देशात धर्मामुळे धोका आहे. त्याने इथे काय करावं?

आपलं शहर या बाबतीत जुनं जाणतं आहे. बगदादमध्ये ज्यूंचा छळ झाला म्हणून निघालेले डेव्हिड ससून 1864 मध्ये पुण्यातच वारले. कॅम्पातलं 1867 चं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, त्यांच्याच घराण्याचं. पण कायद्याचं म्हणाल तर भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे आश्रयाचा कायदाच नाही. शेजारी देश सोडून इतर बहुतेक देशांतल्या लोकांचे अर्ज दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय तपासतं. त्यांनी नाकारलं तर फेरतपासणी त्यांच्याकडेच, आपल्या न्यायालयात त्यावर सरळ अपील नाही.

हद्दपारीच्या आदेशाला मात्र उच्च न्यायालयात आव्हान देता येतं, पुण्यासाठी ते मुंबईला. जगण्याचा हक्क परदेशी माणसालाही आहे हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितलं. 2021 मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कायदेशीर प्रक्रिया पाळून हद्दपार करायला मोकळीक दिली, त्यामुळे भरवसा धरताना दोन्ही निकाल डोळ्यांसमोर ठेवा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, बांगलादेशातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी 2019 चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा आहे, त्याचे नियम मार्च 2024 मध्ये आले. इतरांना तो लागू नाही. मित्राला सांगा की व्हिसा संपायच्या आधी वकील गाठ. 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू आहे आणि मुदत उलटून राहणं अंगाशी येतं.

खर्च?

सर्किट कोर्टाची याचिका फी 600 डॉलर. ऐपत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. वकील करण्याचा हक्क आहे, पण सरकार वकील देत नाही. काही विद्यापीठांची विधी केंद्रं आणि सेवाभावी संस्था विनामूल्य प्रकरणं घेतात. मुलाला तिथेच चौकशी करायला सांगा.

आईने इथे बसून आज काय करावं?

डब्यातले, गादीखालचे, देवघरातल्या फोटोमागचे सगळे कागद एका पिशवीत भरा. निवडानिवड करू नका, ते मी करेन. फोनवरचे जुने मेसेज आणि आवाजी निरोप पुसू नका, फोन बदलू नका. मुलाशी बोलून दोघांच्या तारखा 'जुळवून' घेऊ नका, तुम्हाला आठवतं तसंच सांगा. आणि बोर्डाच्या आदेशाच्या पहिल्या पानाचा फोटो आजच मागवा, तारीख दिसेल असा.